लांबचं, अंधारातलं आणि परवडणारं

सांगलीजवळच्या माधवनगरातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये भर दुपारीही ट्यूबलाइट चालू असते. छतात उजेडासाठी एखादा पारदर्शक पत्रा बसवलेला असला तरी त्यावर धूळ आणि कापसाचे तंतू साचून तो कधीच धुरकटलेला असतो. मागांच्या दोन रांगांमध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. धोटा इकडून तिकडे पळत असतो, ताण्यातला एखादा दोरा तुटला की कामगार मागावर वाकून तो सांधतो. त्या वेळी त्याचा चेहरा फोटो काढणाऱ्यापासून फार तर दोन मीटरवर असतो. आता समजा, फोटो काढणाऱ्याच्या हातात सेकंड हँड घेतलेला डीएसएलआर आहे आणि त्यावर कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स. फोटो हललेला येणार, नाहीतर दाणेदार. मग ‘भारी लेन्स घेतली पाहिजे’ असा निष्कर्ष निघतो आणि दुकानातला पहिला प्रश्न येतो : किती झूम पाहिजे? मर्यादित पैशात लेन्स घेताना बहुतेकांचं गणित फसतं ते इथेच, कारण हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवं ते हे की ज्याचा फोटो काढायचा तो विषय किती लांब आहे, त्याच्यावर उजेड किती आहे आणि या दोन अडचणी एकाच वेळी समोर येतात का. लेन्सची किंमत आभाळाला भिडते ती लांब आणि अंधार एकत्र आले की. एकेकटे आले तर दोघांनाही स्वस्तातला उतारा आहे. आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकाराचे बहुतेक विषय तपासले, तर ते एकेकटेच येतात असं दिसतं.

हे पटण्यासाठी लेन्सवर छापलेले आकडे उलगडावे लागतील. लेन्सवर ‘५० मिमी’ लिहिलेलं असतं ती तिची फोकल लेंथ. अगदी लांबच्या वस्तूवर फोकस केला असताना लेन्सच्या प्रकाशीय मध्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर, असा त्याचा ढोबळ अर्थ. ही जेवढी जास्त तेवढा विषय जवळ ओढला जातो. दुसरा आकडा अ‍ॅपर्चरचा : एफ/१.८, एफ/३.५, एफ/५.६. हा भागाकार आहे. फोकल लेंथला या आकड्याने भागलं की ज्या छिद्रातून प्रकाश आत येतो त्याचा व्यास मिळतो. ५० मिमीच्या एफ/१.८ लेन्सचं छिद्र सुमारे २८ मिलिमीटर रुंद असतं. किट लेन्स ५० वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या आसपास येतं, म्हणजे छिद्र जेमतेम ९ मिलिमीटर. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, नेमकं सांगायचं तर ९.७ पट. म्हणजे तोच चेहरा, तेवढ्याच अंतरावरून, तेवढाच मोठा टिपताना एका लेन्समधून दुसरीच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. छोटा आकडा म्हणजे मोठं छिद्र, हे नवख्याला उलटं वाटतं ते तो भागाकार आहे हे लक्षात न आल्यामुळे.

किंमत जाते ती या व्यासाच्या मागोमाग. छिद्र रुंद हवं असेल तर पुढची काच निदान तेवढी रुंद घ्यावीच लागते. काच रुंद झाली की जाडीही वाढते, म्हणून वजन व्यासापेक्षा कितीतरी वेगाने चढतं. शिवाय रुंद काचेच्या कडेकडून येणारे किरण हट्टी असतात. त्यांना वळणावर आणायला जादा काचा, खास प्रतीच्या काचा, बारीक घासकाम लागतं. कॅननच्या चार लेन्स शेजारी ठेवून पाहा. ५० मिमी एफ/१.८ : छिद्र २८ मिलिमीटर, वजन १६० ग्रॅम. ५५-२५० मिमी एफ/४-५.६ : लांबच्या टोकाला छिद्र ४५ मिलिमीटर, वजन ३७५ ग्रॅम. लग्नाच्या फोटोग्राफरांची लाडकी ७०-२०० एफ/२.८ : छिद्र ७१ मिलिमीटर, वजन जवळपास दीड किलो. क्रिकेटच्या मैदानाकडेला दिसणारी ३०० एफ/२.८ : छिद्र १०७ मिलिमीटर, वजन २ किलो ३५० ग्रॅम. पहिली नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास येते, दुसरी सेकंड हँड बाजारात सहज मिळते. तिसरी नवी घ्यायची तर लाखाच्या पुढची बात, आणि चौथीच्या किमतीत गाडी येते. आता झूमचा हिशोब या चौघींना लावा. ५५-२५० ही साडेचार पट झूम. लाखापुढची ७०-२०० तीन पटसुद्धा नाही. ५० आणि ३०० मध्ये तर झूम नावाला नाही. ‘किती एक्स’ हा आकडा म्हणजे सगळ्यांत मोठ्या फोकल लेंथला सगळ्यांत छोटीने भागलं की येतं ते उत्तर. त्यातून लेन्स किती लांब बघते हे कळत नाही आणि अंधारात कशी चालते हे तर नाहीच नाही.

पुन्हा शेडमध्ये जाऊ आणि तिथला उजेड मोजू. ट्यूबलाइटखालच्या अशा कामाच्या जागी साधारण २५० लक्स प्रकाश धरला, तर बाहेर बुधगावच्या रस्त्यावर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात असतो. म्हणजे दारातून आत पाऊल टाकलं की उजेड चारशेपट घटतो. डोळ्याला हे जाणवत नाही, कारण मेंदू तडजोड करून घेतो. कॅमेऱ्याला तसली सोय नाही. २५० लक्समध्ये एफ/५.६ वर फोटो काढायचा आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढं ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवावी लागते. जुन्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरच्या कॅमेऱ्यात तिथे रवा पडल्यासारखे दाणे दिसू लागतात. एफ/१.८ वर तोच फोटो आयएसओ ३२० ते ४०० मध्ये होतो, आणि त्या आयएसओला दहा-बारा वर्षं जुना कॅमेराही स्वच्छ चित्र देतो. नवी बॉडी घेऊन जे साधायचं ते इथे १६० ग्रॅमच्या काचेने साधलं. शंभरावा भाग मुद्दाम म्हटलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते. शटर त्याहून वेगाने उडवलं तर एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला, तिसऱ्यावर पिवळट पट्टा, असे प्रकार होतात. पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की प्रत्येक फोटोत एक तरी लपलप पुरी सापडते. पळता धोटा मात्र या वेगाला पुसटच येणार. तो पुसट येण्यातच मागाचा वेग दिसतो, त्यामुळे ते काही वाईट नाही.

आता दुसरं टोक : लांब, पण उजेडात. सागरेश्वर अभयारण्य इथून काही फार दूर नाही. देवराष्ट्र्याजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं हे जंगल. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, पण तिथे सांबर, चितळ, काळवीट आहेत. चाळीस मीटरवर एक चितळ उभं आहे असं धरू. फ्रेममध्ये किती रुंदी मावेल हे काढायचं सूत्र सोपं आहे : विषयाचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले फोकल लेंथ. कॅननच्या क्रॉप सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर असते. किट लेन्सच्या ५५ वर सोळा मीटर रुंदी मावते आणि दीड मीटर लांबीचं चितळ त्यात कुठेतरी ठिपक्यासारखं हरवतं. २५० मिमीवर साडेतीन मीटर मावतात, म्हणजे जनावर फ्रेमचा चाळीसएक टक्के भाग व्यापतं आणि आजूबाजूचं गवतही दिसतं. एफ/५.६ म्हणजे अंधारी लेन्स, हा आक्षेप इथे उन्हातच विरघळतो. फिल्मच्या जमान्यापासून चालत आलेला एक ठोकताळा आहे : लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. एफ/५.६ वर आठपट प्रकाश येतो, म्हणजे आयएसओ १०० ला शटर सेकंदाचा आठशेवा भाग आणि आयएसओ २०० ला सोळाशेवा. पळणारं हरीण थिजवायला एवढं भरपूर झालं. तिथे एफ/२.८ ची काच घेऊन जाणं म्हणजे उन्हात कंदील धरणं. अर्थात चितळं बाहेर पडतात पहाटे आणि सांजेला, हे खरं. पण सूर्य वर आल्यानंतरचा तासभर आणि मावळण्याआधीचा तासभर एवढा वेळ आयएसओ ४००-८०० मध्ये निभतो. त्याच्या अलीकडची-पलीकडची दहा-वीस मिनिटं हातची जातात. लाखभर रुपये वाचतात त्या बदल्यात.

इथे कुणी विचारेल की ५० मिमी एवढी गुणाची, तर ती स्वस्त कशी? स्वस्तात काहीतरी खोट असणारच, असा आपला पिढीजात अनुभव. खोट आहेच, पण ती प्लास्टिकच्या अंगात आणि फोकसच्या घरघरीत, काचेच्या आराखड्यात नाही. हा आराखडा १८९६ सालचा आहे. त्या वर्षी झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी ‘प्लॅनर’ नावाची सहा काचांची लेन्स रचली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारख्या तीन-तीन काचा, असं तिचं रूप. पुढच्या अर्ध्याने केलेल्या चुकांपैकी बऱ्याच मागचं अर्धं उलट दिशेने पुसून टाकतं. अडचण एकच होती. हवेतून काचेत शिरताना आणि बाहेर पडताना दर वेळी चारपाच टक्के प्रकाश परतून जातो. प्लॅनरमध्ये असे आठ पृष्ठभाग, त्यामुळे सुमारे तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच हरवे आणि आतल्या आत उड्या मारून चित्रावर धुकं आणे. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप देऊन हे परावर्तन घटवण्याची युक्ती काढली आणि जुना आराखडा एकदम कामाचा ठरला. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली ५० याच कुळीतून काढली. कॅननची आजची ५० एफ/१.८ सहा काचांचीच आहे. सव्वाशे वर्षं घोटलेला हा धडा आहे, त्याच्या संशोधनाचा खर्च केव्हाच वसूल झालेला. दुसरं कारण डीएसएलआरच्या पोटात आहे. तिथे आरसा उडायला जागा हवी, म्हणून कॅननमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर ठेवलेलं असतं. ५० ची फोकल लेंथ त्याहून जास्त, म्हणून ती साध्या रचनेत बसते. २४ किंवा १८ ला मात्र उलट्या दुर्बिणीसारखा आडवळणाचा आराखडा लागतो. १९५० मध्ये पिएर आंजेन्यू यांनी तो फ्रान्समध्ये रूढ केला. त्यात काचा वाढतात. म्हणून वाइड आणि शिवाय एफ/१.८ अशी लेन्स मागितली की किंमत पुन्हा चढते.

यातूनच ५० वरचा सगळ्यांत रास्त आक्षेप पुढे येतो : क्रॉप सेन्सरवर ती फार कोंडते. मघाचं सूत्र लावा. दीड मीटरवर ५० मध्ये मावतात फक्त ६७ सेंटिमीटर, म्हणजे कामगाराचा चेहरा आणि दोरा सांधणारे हात. अख्खा माग नाही, मागांची रांग तर नाहीच. माधवनगरातल्या एखाद्या घराच्या मागच्या खोलीत मांडलेलं बारसं असो की हळद, भिंतीला पाठ टेकवूनही चारजण एका फ्रेममध्ये येत नाहीत. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच किट लेन्स विकून ५० घेणं हा शुद्ध वेडेपणा. १८ वर तीच दीड मीटरवरून पावणेदोन मीटरच्या वर जागा कवेत घेते. शिवाय वाइड टोकाला तिचं अ‍ॅपर्चर एफ/३.५ असतं, हात हलल्याचा दोष फोकल लेंथ कमी असल्याने कमी दिसतो आणि बहुतेक नव्या किट लेन्समध्ये थरथर सावरणारी यंत्रणाही असते. उभ्या माणसांचा, थांबलेल्या मागाचा, देवघराचा फोटो ती तिसाव्या भागालाही देते. लोक तिला नावं ठेवतात ती ५५ च्या टोकाला अंधारात वापरून. तिचं बलस्थान १८ ते ३० च्या मध्ये आहे, आणि ५० नेमकी तिच्या दुखऱ्या जागेवर येऊन बसते. ज्यांचं सगळं काम घरातच आहे त्यांनी ५० ऐवजी ३५ एफ/१.८ पाहावी. निकॉनच्या क्रॉप कॅमेऱ्यांसाठी २००९ पासून ती मिळते आणि स्वस्तही आहे.

एफ/१.८ म्हणजे मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवायचं यंत्र, हा समज मात्र वेळीच मोडलेला बरा. दोन मीटरवर एफ/१.८ ला जेवढं धारदार दिसतं त्याची खोली असते सुमारे अकरा सेंटिमीटर. एक मीटरवर ती अडीच सेंटिमीटरांवर येते, म्हणजे डोळा टोकदार आणि कान गेला. तीन मीटरवरून घरातल्या पाचजणांचा फोटो काढताना एफ/४ वर यावं, तेव्हा अर्ध्या मीटरहून थोडी जास्त खोली मिळते आणि मागच्या ओळीतल्या आत्याबाई नाराज होत नाहीत. पार्श्वभूमी पुसून टाकायच्या नादात शेडमधला माग, भिंतीवरचा गणपती, खुंटीला टांगलेला डबा सगळंच पुसलं जातं. मग तो फोटो माधवनगरात काढला काय आणि मॉलच्या जिन्यात काढला काय! मोठं छिद्र विकत घ्यायचं ते उजेडासाठी. धूसरपणा फुकट मिळालेला आहे, तो प्रत्येक वेळी वापरलाच पाहिजे असं नाही.

मूळ युक्तिवादाला खरा छेद देणारी जागा सांगलीत आहे, आणि ती टाळून चालणार नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावात नाटकाचे फोटो काढायची हौस असणं स्वाभाविक आहे. नाटकात मात्र लांब आणि अंधार हातात हात घालून येतात. पंधराव्या मीटरवरच्या खुर्चीतून दोन पात्रं फ्रेममध्ये भरायची तर १५० मिमी लागते, आणि एफ/२.८ हवं म्हटलं की ५४ मिलिमीटरचं छिद्र. झालो आपण लाखाच्या दारात उभे. पण इथेही आधी तपासावं की दोन अडचणींपैकी एक चालत जाऊन घालवता येते का. पाच मीटरवर गेलं की तीच दोन पात्रं ५० मध्ये मावतात, सव्वादोन मीटर रुंदीत. प्रयोग चालू असताना विंगेशी घोटाळायला कुणी देणार नाही आणि देऊही नये. रंगीत तालमीला मात्र विचारून पुढच्या रांगेत बसता येतं, आणि हौशी संस्थांना असे फोटो हवेच असतात. दुसरं असं की रंगमंच वाटतो तेवढा अंधारा नसतो. प्रेक्षागृह काळं असतं म्हणून तसा भास होतो. कॅमेऱ्याचा मीटरही त्याच भासाला फसतो, भोवतीचा काळोख पाहून उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा करून टाकतो. प्रकाश एक-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्यावर किंवा पावावर, खाली आणला की चेहरा जागेवर येतो आणि शटरही वेगवान होतं. एवढं करूनही ज्याला वर्षातून चार वेळा मागच्या रांगेतूनच फोटो काढायचे आहेत त्याने ७०-२०० एका दिवसापुरती भाड्याने आणावी. लग्नसराईत मोठमोठे फोटोग्राफरही तेच करतात. ज्याचं पोटच लग्नांवर आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी ती लेन्स म्हणजे हत्यार, तिचा हिशोब तो सिझनच्या मिळकतीशी घालतो.

मोबाइलवाल्यांचा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. आमच्या फोनवरही एफ/१.८ लिहिलंय, मग लेन्सवर पैसे कशाला? पुन्हा तोच भागाकार. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटर असते, म्हणजे छिद्र साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास. ५० एफ/१.८ चं २८. व्यास आठपट, क्षेत्रफळ चौसष्टपट. फोन ही तूट भरून काढतो ती एकामागून एक अनेक फोटो झपाट्याने काढून आणि ते एकमेकांवर रचून. स्थिर गोष्टींना हे इतकं छान जमतं की देवळाच्या गाभाऱ्याचा किंवा सांगलीतल्या आयर्विन पुलाचा रात्रीचा फोटो काढायला लेन्स कशाला, असं वाटावं. ते बरोबरही आहे. ज्याचे विषय एवढेच आहेत त्याने खरंच पैसे खर्चू नयेत. पण मागावर वाकलेला माणूस, गोधडीतून हात बाहेर काढणारं तान्हं बाळ, ढोल बडवणारा पोरगा स्थिर राहत नाहीत. तिथे रचायला घेतलेले फोटो एकमेकांशी जुळत नाहीत आणि बोटं वितळल्यासारखी दिसतात.

सातारच्या बाजूला कासच्या पठारावर प्रश्न तिसराच असतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेलं हे पठार ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं, पण तिथली निम्मी नवलाई करंगळीच्या नखाएवढी. सीतेची आसवं हे कीटकभक्षी फुलझाड, दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब. इथे विषय अगदी जवळ आहे, पण लेन्सला तेवढं जवळ दिसत नाही. ५० एफ/१.८ पस्तीस सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही आणि तेवढ्यावर वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या एक पंचमांश उमटते. खास मॅक्रो लेन्स घेण्याआधी एक्स्टेन्शन ट्यूब पाहावी. ती म्हणजे काच नसलेली पोकळ नळी, लेन्स आणि बॉडी यांच्यात बसणारी. लेन्स सेन्सरपासून दूर गेली की ती जवळचं पाहू लागते. २५ मिलिमीटरची नळी ५० वर लावली की वाढीव मोठेपणा २५ भागिले ५०, म्हणजे अर्धा. आधीचा एक पंचमांश धरून वस्तूच्या सत्तर टक्के आकार सेन्सरवर उमटतो. नळी घेताना तिच्यात विजेचे संपर्कबिंदू आहेत ना, हे पाहावं. नाहीतर कॅननमध्ये अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही, आणि इतक्या जवळून एफ/१.८ वर फुलाची एक पाकळीही पुरती धारदार येत नाही. नळीमुळे उजेड घटतो हे खरं, पण ढगाळ दिवसाचाही उजेड शेडच्या चाळीसपट असतो. एवढ्या जवळून काढायचं म्हणजे जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि कासला जिथे माणूस आडवा होतो तिथली फुलं संपतात. वाटेच्या कडेच्या खडकावरून जे दिसेल तेवढंच काढावं.

लेन्स जुनी घ्यायला आजच्याएवढा चांगला काळ पूर्वी नव्हता. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले, तेव्हापासून डीएसएलआरच्या लेन्स मोठ्या संख्येने बाजारात आल्या आणि भाव उतरले. जुन्यात पैसे अडकतील ही भीती कॅननपुरती तरी फोल आहे. १९८७ पासूनची कोणतीही ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरसा नसलेल्या नव्या आरएफ बॉडीवर फोकससकट चालते. निकॉनवाल्याने मात्र जपून. नावात ‘डी’ असलेली जुनी ५० एफ/१.८ स्वस्तात दिसते, पण तिच्या पोटात मोटर नाही आणि ३००० व ५००० मालिकेतल्या बॉडीतही नाही. तिथे फोकस हाताने फिरवावा लागेल. या बॉडींना नावात ‘एएफ-एस’ असलेली घ्यावी.

लेन्स विकत घ्यायच्या आधी बुडाकडून मोबाइलची टॉर्च मारून पुढून आत बघावं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. चार-दोन धूलिकण असले तर सोडून द्यावं, चित्रात ते उमटत नाहीत. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही चालतो. मागच्या काचेवरचा मात्र नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. एकदा ती काचेवरचा लेप खाऊ लागली की पुसून निघत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नसावी, फोकस फिरवताना कचकच जाणवू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पुराच्या पाण्यात बुडून निघालेली वस्तू वरून कितीही पुसली तरी आतल्या दातऱ्यांमध्ये गाळ राहतो, म्हणून ‘थोडी ओली झाली होती’ असं कुणी म्हटलं की भाव न करता निघावं. घरी आणलेली लेन्स कापडी बॅगेत, कपाटाच्या तळाशी पावसाळाभर ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवावं. काटा ४० ते ५० च्या मध्ये असला की बस. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या, स्वयंपाकातून बाद झालेल्या तव्यावर मंद आचेवर परतावेत, निळे झाले की गार करून पुन्हा डब्यात घालावेत.